कॉम्प्युटर जळाला, की फक्त एसएमपीएस?

गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचे ठरले की घरातला मुलगा महिनाभर आधीच सगळे पाठ करून बसतो. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड किती जीबीचे, रॅम किती, कॅबिनेटच्या पंख्यांत रंगीत दिवे आहेत की नाहीत. यादीच्या तळाला एक ओळ असते, 'एसएमपीएस ५०० वॅट'. तिच्यापुढे कंपनीचे नाव बहुधा नसते. हिशेब हजार-दोन हजारांनी वर गेला की कात्री याच ओळीवर चालते, कारण तो लोखंडी डबा कोणाला दिसत नाही आणि मित्रांना दाखवण्यासारखे त्यात काही नसते. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा हा भाग. कागदोपत्री तो पॉवर सप्लाय, पण आपल्याकडे दुकानात आणि घरात एसएमपीएस हेच नाव रूढ आहे. या महिन्यात त्याच्याविषयी लिहायचे कारण असे की पेठच्या एका वाचक भगिनीच्या घरी या डब्यापायी बाप-लेकाचे बोलणे बंद पडले होते.

पेठ म्हणजे पुणे शहरातल्या पेठांपैकी नव्हे. पुणे–नाशिक रस्त्यावर राजगुरूनगर आणि मंचरच्या मध्ये लागणारे, आंबेगाव तालुक्यातले पेठ. घरचे वडील मंचरला मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहितात. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. साठवलेली ईदी, सुट्टीतल्या कामाचे पैसे आणि अब्बांनी घातलेली भर यांतून दोन वर्षांपूर्वी त्याने कॉम्प्युटर जोडून घेतला. रात्री त्यावर गेम चालतो हे खरे, पण दिवसा त्याच कॉम्प्युटरवर तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देतो आणि धाकटी बहीण टॅली शिकते. जूनमधल्या एका संध्याकाळी गेम चालू असताना पडदा एकदम काळा झाला. पुन्हा सुरू केला, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. चार दिवसांनी बटण दाबले तरी पंखासुद्धा फिरेना. एका दुकानदाराने वरवर पाहून मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही गेल्याचे सांगितले आणि २२ हजारांचा आकडा टाकला. अब्बा म्हणाले, "रात्र-रात्र गेम खेळून जाळलास. आता माझ्याकडून एक पैसा नाही." मुलगा म्हणाला, खेळल्याने कॉम्प्युटर जळत नाही. मग जेवताना दोघेही ताटाकडे पाहून जेवू लागले. अम्मींनी आम्हाला फोनवर विचारले, "भाऊ, यात खरे कोणाचे?"

उत्तर द्यायचे तर आधी त्या डब्यात काय चालते ते पाहावे लागेल. आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची एसी वीज. कॉम्प्युटरच्या भागांना लागते ती डीसी, तीही १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. पूर्वी हे काम करायला वीटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर लागे. एसएमपीएस आधी एसीची डीसी करतो, मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो, त्यामुळे हलक्या डब्यात काम भागते. चांगल्या प्रतीच्या डब्यात मधल्या टप्प्यावर विजेचा दाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो आणि तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो. प्लग उपटून ठेवल्यावरही तो साठा काही वेळ तसाच राहू शकतो. म्हणून एसएमपीएसचे चार बाहेरचे स्क्रू काढून तो बदलणे हे घरचे काम आहे, आणि त्याचे झाकण उघडणे हे घरचे काम नाही. आत बोट घालून, स्क्रूड्रायव्हर लावून 'बघू काय जळले' असे कोणीही करू नये. हा एक नियम पाळला तर बाकीचे काम मिक्सरचे भांडे बदलण्याहून फार अवघड नाही.

आता गेमचा संबंध. कॉम्प्युटरवर पत्र टाईप करताना किंवा टॅलीत नोंदी करताना सगळा मिळून भार साधारण एका पंख्याएवढा असतो. गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर एकाच वेळी कामाला लागतात. या मुलाच्या कॉम्प्युटरमधले कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, पुरा भार १२५ वॅट. प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. म्हणजे टॅली चालवताना तग धरणारा एसएमपीएस गेममध्ये मान टाकतो, आणि बघणाऱ्याला वाटते गेमनेच मारले. भार गेमने वाढवला हे अब्बांचे बरोबर. पण तो भार पेलायलाच तर हा डबा घेतलेला असतो. बैलगाडीत रोजची पोती भरली आणि आस मोडला तर दोष पोत्यांचा म्हणायचा का?

हेच लक्षण प्रोसेसर तापल्यामुळेही दिसते, हे लक्षात ठेवावे. पंख्यावर धूळ साचली असेल, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल, तर कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. महामार्गालगतच्या घरांत धूळ किती बसते ते वेगळे सांगायला नको. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडली की मुले 'पॉवर सप्लाय गेला' म्हणून मोकळी होतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही.

पेठला गेलो तेव्हा आधी भिंतीपासून सुरुवात केली. त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन लावून पाहिला, चालला. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवला, पॉवर केबल बदलली, डब्यामागचे चालू-बंदचे बटण पाहिले. ही हास्यास्पद वाटणारी पाच मिनिटे आहेत, पण अनेक दुरुस्त्या इथेच संपतात. मग प्लग काढून कॅबिनेटची बाजूची पत्री उघडली आणि एसएमपीएसवर चिकटवलेला तक्ता वाचायला घेतला. प्रत्येक डब्यावर हा तक्ता असतो आणि विकत घेताना तो बहुतेक कोणी वाचत नाही. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या खान्यात १५ अँपिअर.

आजच्या कॉम्प्युटरचा जवळजवळ सगळा भार, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, १२ व्होल्टच्या तारांवर असतो. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. अब्बा तोवर दाराशी उभे होते. हिशेबाचे नाव निघाले तसे जवळ आले, चष्मा लावला आणि तोंडीच म्हणाले, "बारा पंधरे एकशे ऐंशी." मग कार्ड आणि प्रोसेसरची बेरीज केली, १९०. त्यात मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे अजून धरलेच नव्हते. थोडा वेळ ते तक्त्याकडेच बघत राहिले. "म्हणजे गोणीवर पन्नास किलो लिहायचे आणि आत अठरा किलो भरायचे. असा माल आमच्या यार्डात आणला तर काट्यावर उभा करू त्याला." उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर दाखवून बेरीज फुगवलेली होती. मुलगा काही बोलला नाही, आणि ते त्याने शहाणपणाचे केले.

तरीही तक्ता वाचून निकाल देता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच, चालू असलेला चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे. शेजारच्या घरातला मुलगा अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो, त्याने आपला आणून दिला. काही मंडळी व्हिडिओ पाहून २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडतात आणि पंखा फिरला की 'चालू आहे' म्हणतात. आम्हाला ही तपासणी फारशी पटत नाही. पंखा फिरणे आणि भार पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय काही चांगल्या डब्यांचा पंखा भार नसताना फिरतच नाही, म्हणजे चांगला डबा मेलेला ठरतो. मल्टिमीटर हाताशी असेल आणि वापरता येत असेल तर पिवळ्या आणि काळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत, पण तेही भार असताना मोजले तरच उपयोगाचे.

उसना डबा लावला आणि कॉम्प्युटर पहिल्याच बटणाला सुरू झाला. मदरबोर्ड शाबूत, कार्ड शाबूत. सगळ्यांच्या नशिबी हे येत नाही. हलका एसएमपीएस मरताना कधी कधी १२ व्होल्टच्या जागी भलताच दाब सोडतो आणि मदरबोर्ड, डिस्क बरोबर घेऊन जातो. चांगल्या डब्यात दाब वाढला, भार वाढला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या तर आधी स्वतः बंद पडण्याची सोय असते. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः या सोयीला आणि आतल्या कपॅसिटरच्या प्रतीला.

स्वस्त डब्यात आणखी एक गोष्ट गाळलेली असते, ती म्हणजे विजेची गाळणी, फिल्टर. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारी वीज रेडिओ लहरींचा गोंगाट करते, तो बाहेर पडू नये म्हणून ही गाळणी. आपल्या भागात याचे महत्त्व जास्त. जुन्नर तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. हा परिसर निवडताना इथली रेडिओ शांतता हेही एक कारण होते. घरातल्या एका डब्याने दुर्बीण बंद पडत नाही, पण शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर ऐकू यायला तेवढा पुरतो.

नवा घेताना काय पाहायचे? १६६० सुपरसाठी कार्डाच्या कंपनीने सुचवलेला एसएमपीएस ४५० वॅटचा आहे. पुढे कार्ड बदलण्याची शक्यता धरून आम्ही ५५० वॅटचा सुचवला, तक्त्यावर १२ व्होल्टला ४० अँपिअरपेक्षा जास्त असलेला. आज तो साधारण चार-पाच हजारांत मिळतो आणि त्यावर काही वर्षांची वॉरंटी असते. जीएसटीचे बिल घ्यावे आणि त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण पावतीवरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. खोक्यावर '८० प्लस' हे चिन्ह दिसेल. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले हे प्रमाणपत्र, आणि ते फक्त वीज किती वाया जाते एवढेच सांगते. ते कामाचे आहेच. कॉम्प्युटरला आत ३०० वॅट लागत असतील तर ८५ टक्के कार्यक्षमतेचा डबा भिंतीतून ३५३ वॅट ओढतो, ७० टक्क्यांचा ४२९. रोज चार तास धरले तर महिन्याला नऊ युनिटांचा फरक पडतो. पण सुरक्षिततेची हमी त्या चिन्हात नाही.

नुसत्या नावाचीही नाही. गिगाबाइट ही या धंद्यातली मोठी कंपनी, पण तिच्या ७५० आणि ८५० वॅटच्या दोन मॉडेलांचे काही नग तपासणीत फटाक्यासारखे उडाले. कार्डांच्या टंचाईच्या काळात अमेरिकेत हेच डबे ग्राफिक्स कार्डाबरोबर जोडीने विकले जात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने भारमर्यादा खाली आणल्याचे सांगून ठराविक क्रमांकांचे नग बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणून कंपनी पाहून थांबू नये, त्याच मॉडेलची तपासणी कोणी केली आहे का ते शोधावे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर मॉडेलचे पूर्ण नाव कागदावर लिहून न्या. 'तोच आहे, फक्त नाव वेगळे' असे दुकानात सांगितले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

बसवण्याचे काम मुलाने केले आणि बहिणीने मोबाईलवर प्रत्येक जोडणीचे फोटो काढले. फोटो आधी, हात नंतर. मागचे बटण बंद, प्लग बाहेर, मग कॉम्प्युटरचे चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरायचे म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्यायचा. मदरबोर्डाची २४ पिनांची मोठी जोडणी, प्रोसेसरशेजारची चार किंवा आठ पिनांची, कार्डाची सहा किंवा आठ पिनांची आणि डिस्कच्या चपट्या तारा. बहुतेक जोडण्यांना खटका असतो. तो दाबून ओढायचे, नुसते हिसके द्यायचे नाहीत. मागचे चार स्क्रू काढताना डब्याखाली एक हात ठेवावा. नव्या डब्याचा पंखा कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर खाली, नसेल तर वर. प्रोसेसरची आठ पिनांची आणि कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसायला बहिणी-बहिणी आहेत, पण विजेचा मार्ग उलटा आहे. तारेवर लिहिलेले वाचावे. बसत नसेल तर जोर लावू नये, ती जागा तिची नसते.

एक गोष्ट आम्ही दोनदा सांगितली आणि इथेही सांगतो. ज्या एसएमपीएसच्या तारा डब्यापासून सुट्या होतात, त्याच्या जुन्या तारा नव्या डब्याला कधीही लावू नयेत. पलीकडची टोके सगळ्यांची सारखी, पण डब्याकडच्या टोकाची रचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळी असते. खाच जुळते, तार बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते. कॅबिनेटमागून ओवलेल्या तारा पुन्हा ओवायचा कंटाळा केला की हे होते. लग्नांचे व्हिडिओ, पोरीचा अभ्यास, घरातले फोटो सगळे त्या डिस्कवर. शेवटच्या दोन तारा आत ओवायच्या वेळी उजेड कमी पडला, तेव्हा मोबाईलचा टॉर्च अब्बांनी धरला. "इकडे धरू का?" एवढेच विचारले, पण लेकाला विचारले.

डबा बदलला तरी घरातली वीज तीच राहते. जिथे घर आणि विहिरींच्या मोटारी एकाच रोहित्रावर असतात तिथे मोटारी सुरू झाल्या की दाब खाली येतो. चांगले डबे १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालवून घेतात, त्यांना स्टॅबिलायझरची गरज नसते. खरा धोका वर जाणाऱ्या दाबाचा. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. दिवे एकाएकी लख्ख झाले की धावत जाऊन मेन स्विच बंद करावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लगच काढावा, बटण बंद करून भागत नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे. वर सांगितलेल्या गाळणीतून थोडी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायची असते, वाट नसली की ती पत्र्यावर थांबते. हा दोष डब्याचा नाही, घराच्या वायरिंगचा आहे. वायरमनला बोलावून तो आधी काढून घ्यावा, लहान मुले असतील तर आजच. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल आणि लाईट गेल्यावर नवा कॉम्प्युटर लगेच बंद पडत असेल तर घाबरू नका. चौकोनी लहरीची वीज काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही, त्यांना साइन वेव्हचा यूपीएस लागतो.

राहिला जुना डबा. भंगारात दिला तर तो कुठे तरी फोडला जातो, किंवा रंग पुसून कोणाच्या तरी स्वस्त कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. मोठ्या कंपन्यांच्या आणि शहरांतल्या संकलन केंद्रांवर तो घेतात. तोवर त्याच्या सगळ्या तारा त्यालाच बांधून ठेवाव्यात आणि वर मार्करने ठळक लिहावे, 'खराब, लावू नये'. पुढच्या वर्षी माळा आवरताना कोणाला तरी वाटते की हा चांगला दिसतोय.